पाठमोरी खुर्ची

अळूची पानं मिळाली होती. मयूर विहारात ती चांगली क्वचितच मिळतात, आणि कुमुदताईंना अळूवडी म्हणजे जीव की प्राण. म्हणून शनिवारी सकाळीच मी त्यांना गाझियाबादला फोन लावला. उद्या जरा लवकर या, वड्या गरमागरम खा, एवढंच सांगायचं होतं. फोन दुसऱ्याच बाईंनी उचलला. शेजारच्या फ्लॅटमधल्या, ज्यांच्याकडे ताईंची जादा किल्ली असे. “सुधाजी बोल रही हैं ना? मैं आपको ही फोन करने वाली थी...” रात्री झोपेतच काहीतरी झालं असणार, असं त्या सांगत होत्या, आणि मी पिशवीतलं एकेक पान काढून ओट्यावर ठेवत होते. माझा नवरा श्रीकांत आंघोळीला गेला होता. त्याची एकुलती एक बहीण गेली, हे त्याला बाहेर आल्या आल्या सांगायचं होतं, आणि मला काय सुचावं... तर ही पानं आता धुवायची की नाहीत!

कुमुदताई माझ्या नणंद, श्रीकांतहून थोरल्या. कान-नाक-घशाच्या डॉक्टर. दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात त्यांची सगळी नोकरी झाली. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्यात कुणाची छाती झाली नाही. मी लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, ताई आमच्याबरोबरच. नणंद म्हणजे काय प्रकरण असणार या धाकात मी होते, तर पहिल्याच आठवड्यात बाईंनी पर्समधून कान तपासायचा नादकाटा काढला, स्टीलच्या डब्यावर टणकन आपटला आणि माझ्या कानामागे टेकवला. “ऐकू येतंय ना? चलो, एक बरं झालं. ह्या घरात कुणीच कुणाचं ऐकत नाही.” पुढे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी हा प्रसाद मिळे. माझी मुलगी मुक्ता तर तिच्या मैत्रिणींना आधीच बजावून ठेवायची, “आत्या कान बघेल, डरना मत.”

त्यांच्या कामाबद्दल मला जे कळतं ते त्यांनी रविवारच्या जेवणावर सांगितलेलं. तोंडाचा, घशाचा कॅन्सर झाला की जी औषधं शिरेतून देतात, त्यातलं एक फार गुणी औषध गाठीला मारतं आणि जाता जाता आतल्या कानातल्या नाजूक पेशीही मारून जातं. आधी बारीक, उंच आवाज जातात. मग माणसांचं बोलणं अर्धवट ऐकू येऊ लागतं. कुणाकुणाचा तोलही जातो, भिंत धरून चालावं लागतं. “आम्ही जीव वाचवतो गं, पण घरातल्या गप्पांतून त्यांना उठवून लावतो,” असं ताई म्हणायच्या. तंबाखू, गुटखा खाल्लेल्या माणसांच्या कानांची एवढी काळजी कशाला, असं मी एकदा बोलून गेले होते. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आणखी पोळी वाढायच्या निमित्ताने आत पळाले.

या कानांना वाचवणारं काही सापडतं का, हा त्यांचा ध्यास होता. त्यांनी एक प्रयोग आखला. कॅन्सरचं औषध सुरू करण्याआधी रोग्याच्या एका कानात, पडद्यातून बारीक सुईने, एक दुसरं औषध सोडायचं. दुसरा कान तसाच ठेवायचा. मग उपचार संपेपर्यंत दोन्ही कान तपासत राहायचे. तपासणी कशी, तर काचेची खिडकी असलेल्या लहानशा बंद खोलीत रोग्याला बसवतात, कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेरून तपासणारा बारीक होत जाणारे सूर सोडतो. ऐकू आला की बटण दाबायचं. बस्स. हे काम खरं तर कुठल्या कानात औषध घातलंय हे ज्याला माहीत नाही अशाने करायचं असतं. पण माणसं कमी, तंत्रज्ञांच्या बदल्या झालेल्या... ताई स्वतःच करत राहिल्या. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती निव्वळ मायेपोटी. रेडिएशनच्या वेळी या रोग्यांच्या चेहऱ्यावर घट्ट जाळीचा मुखवटा बसवून डोकं टेबलाला जखडतात. त्यानंतर बंद खोली म्हटली की बिचाऱ्यांचा जीव घुसमटतो. म्हणून ताईंनी आतली खुर्ची काचेकडे तोंड करून ठेवली. आपला चेहरा दिसला की त्यांना धीर येईल, म्हणून.

प्रयोग यशस्वी झाला. औषध घातलेला कान बचावतो, असं दिसलं. ताईंचा लेख मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आला, परदेशातून बोलावणी आली, दुसऱ्या इस्पितळांतही रोग्यांच्या कानात तशा सुया टोचायला सुरुवात झाली. मी तर महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात दिसेल त्या बाईला सांगत सुटले होते. माझी नणंद, बरं का!

मग मला चक्कर येऊ लागली. कूस बदलली की घर गरगर फिरायचं. ताई म्हणाल्या, कानातले खडे सरकलेत, आणि दिवाणावर आडवं करून माझी मान अशी काही वळवली की चक्कर पळाली. तरी एकदा दोन्ही कान नीट तपासून घेऊ, म्हणून त्या मला इस्पितळात घेऊन गेल्या. मी त्या खुर्चीत बसले. सूर बारीक बारीक होत गेले. शेवटी शेवटी मला ओ की ठो ऐकू येत नव्हतं, पण काचेपलीकडे ताई दिसत होत्या. सूर सोडला की त्यांची मान किंचित हलायची. हलली की मी बटण दाबायची.

त्या रविवारी जेवताना मी हे मोठ्या फुशारकीने सांगितलं. “ताई, मी मेरिटमध्ये पास झाले हो! पण कॉपी करून. तुम्हीच मान हलवून उत्तर सांगत होता.”

श्रीकांत हसला. मीही. ताईंचा घास हातातच राहिला.

“मी मान हलवते?”

“अहो, थोडीशीच. लहान मुलाला भरवताना आपलंच तोंड उघडतं ना, तसं.”

त्यांनी घास ताटात ठेवला. आमटी गार झाली तरी त्या उठेनात. मग एकदम विचारलं, “सगळ्या सुरांना हलवत होते, की काही काहीच?” मला काय ठाऊक! मी आपली पापड तळायला उठले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी खुर्ची फिरवली. काचेकडे पाठ. जे रोगी हयात होते त्यांना एकेक करून परत बोलावलं, आणि या वेळी सूर सोडायला दुसऱ्या विभागातून अशी मुलगी मागून आणली जिला कुठला कान कोणता याचा पत्ता नव्हता. दोन्ही कान सारखेच निघाले. सारखेच खराब. ज्या कानाबद्दल ताईंना आशा होती, त्याच कानाच्या वेळी त्यांची मान हलत होती. त्यांच्या नकळत. बँकेतून निवृत्त झालेल्या एक वयस्क बाई होत्या, जबड्याचं ऑपरेशन झालेल्या. त्यांनी ताईंचा हात धरून सांगितलं, “बेटा, पहले तो तुम्हारा चेहरा देखकर दबा देती थी. तुम इतनी खुश हो जाती थीं!” हे आम्हाला सांगताना ताईंना रडू आलं नाही. मलाच आलं, आणि त्याचंही वाईट वाटलं, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

त्यांनी नियतकालिकाला कळवून लेख मागे घेतला. कारण जसंच्या तसं दिलं, स्वतःची मान हलत होती हेही. विभागप्रमुख त्यांना समजावत होते. “अरे मॅडम, छोड़िए ना, ये सब जगह होता है. चुपचाप आगे का काम कीजिए.” ताई म्हणाल्या, माझ्या शब्दावर लोक कानात सुया टोचून घेतायत, दुखतं त्यांना. गप्प कशी बसू? मग बोलावणी बंद झाली. बढती राहिली ती राहिलीच. मंडळात कुजबुज पोचली, “काहीतरी घोटाळा झाला म्हणे सुधाच्या नणंदेचा.” आणि मी... मी घोटाळा नव्हे, उलट प्रामाणिकपणा आहे, असं ठणकावून सांगायला हवं होतं. मी विषय बदलायचे. साडी कुठून घेतली, विचारायचे. ज्या तोंडाने मिरवलं होतं त्या तोंडाला नेमकी तेव्हा मिठी बसली. ताई काही आठवडे जेवायला आल्या नाहीत, तेव्हा माझ्यावर रागावल्या असतील असं वाटून मला जरा बरंच वाटलं होतं. रागावल्या असत्या तर हिशेब चुकता झाला असता.

पण त्या आल्या. चक्क्याचा डबा घेऊन, स्वतः श्रीखंड केलं. आणि तेव्हापासून त्यांना एक सवय लागली. चव बघायला मला चमचा दिला, आणि माझ्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून विचारलं, “साखर बरोबर आहे?” मी म्हटलं, हे काय, इकडे बघा की. “नको. माझं तोंड बघितलंस की गोडच म्हणशील. तू बिल्कुल भरवशाची नाहीस.” साखर जास्त झाली होती. मी तसं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ताईंच्या स्वयंपाकाला नावं ठेवली, आणि पाठमोऱ्या बाई खुदकन हसल्या. पुढे काहीही विचारायचं झालं की त्या अशाच वळायच्या. ही साडी शोभते का? श्रीकांत माझ्यामुळे नाराज आहे का? एकदा असंच कपाटाकडे तोंड करून त्यांनी विचारलं, “सुधा, तुला माझी लाज वाटली का गं?” त्या पाठीला मी हो म्हणाले. तशाच पाठमोऱ्या त्या म्हणाल्या, “अच्छा. मलाही.” मग आम्ही चहा घेतला.

त्या गेल्यावर काही दिवसांनी इस्पितळात शोकसभा झाली. आम्हा दोघांना पहिल्या रांगेत बसवलं. निवृत्त झालेले ते विभागप्रमुख मुद्दाम आले होते. पडद्यावर ताईंचा तरुणपणचा फोटो, आणि त्याखाली... तोच लेख. मागे घेतलेला. कॅन्सरच्या रोग्यांचे कान वाचवणारं अमुक संशोधन त्यांनी केलं, वगैरे. हा फोटो आणि ही ओळ फ्रेम करून तपासणीच्या खोलीबाहेर लावणार, असं त्यांनी जाहीर केलं. खोटं बोलावं असा त्यांचा हेतू नव्हता, हे मला दिसत होतं. मेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं आठवत होते. मग माझ्याकडे वळून ते अदबीने म्हणाले, “ठीक है ना, भाभीजी?”

मी मान हलवली.

सगळा हॉल बघत होता, डोळे पाणावलेले, चेहरे इतके प्रेमळ. त्यांना हवं होतं तेच मी दिलं. शेजारी श्रीकांतने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. स्वतःच्या मानेवर इतका राग मला कधी आला नव्हता.

नंतर तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला ती खोली दाखवली. खुर्ची काचेकडे पाठ करून होती. जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीने तिच्या चारही पायांच्या खुणा केल्या होत्या. झाडलोट करताना सरकली तर परत तिथेच ठेवायची. ताईंनीच केलेल्या खुणा. आणि रोग्याला घुसमटू नये म्हणून समोरच्या भिंतीवर डोंगराचं मोठं चित्र लावलं होतं, तेही त्यांनीच आणलेलं. मी विचारलं, खुर्ची अशी उलटी का? “पता नहीं आंटी, कुमुद मॅडम का रूल है. हम सबको ऐसे ही सिखाया गया.” एवढंच. सगळ्या इस्पितळात ताईंचं खरं काम म्हणाल तर ते तिथे होतं, त्या चार खुणांच्या आत, आणि ते कशामुळे झालं हे कुणाला माहीत नव्हतं. बाहेरच्या भिंतीवर फ्रेमसाठी खिळा ठोकून झाला होता. मी तेव्हाही काही बोलले नाही.

घरी येऊन धीर गोळा करून विभागप्रमुखांना फोन केला. लेख मागे घेतला होता, त्या ओळीचं काहीतरी करा, म्हटलं. ते म्हणाले, “भाभीजी, अब तो फ्रेम बनने चली गई. और मॅडम की बदनामी क्यों करें?” बदनामी! म्हणजे ताई खरं बोलल्या ती बदनामी, आणि फ्रेममधली ओळ हा मान. हे सगळं त्यांना सुनावण्याऐवजी मी “जी, अच्छा” म्हणून फोन ठेवला. आणि हा लेख लिहायला बसले.

काल तो पुरा झाला. श्रीकांत डायनिंग टेबलाशी बसून वाचत होता आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, कुठे भुवई उडते, कुठे ओठ मुडपतो. मग माझं मलाच कळलं मी काय करतेय ते. उठले, ओट्यापाशी गेले आणि त्याच्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून विचारलं, “पाठवू का पेपरच्या पुरवणीला?”

मागून कागद जुळवून टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

“पाठव,” तो म्हणाला. “पण सुधा, हे मराठीत आहे. इस्पितळात हे कोण वाचणार? तू जिथे मान हलवलीस तिथे आधी हिंदीत लिहून दे.”

मी तशीच उभी होते. मान हलवून भागणार नव्हतं, पाठमोऱ्या माणसाची मान कुणाला दिसते? “लिहिते,” मी म्हणाले. मोठ्याने.