आम्ही वरचे की खालचे?

दोन रात्री मला झोप नव्हती. कारण हसण्यासारखं आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. कारण आहे एक सर्वनाम.

माझी मुलगी इरा सहा वर्षांची, इथे इंग्लंडमधल्या शाळेत ईयर टूमध्ये, म्हणजे दुसरीत. शाळेतून पत्र आलं की येत्या गुरुवारी 'व्हिक्टोरियन डे' आहे. मुलांनी जुन्या काळातल्या मोठ्या घरातल्या माणसांसारखं सजून यावं. 'अपस्टेअर्स', म्हणजे वरच्या मजल्यावरची मालक मंडळी, किंवा 'डाउनस्टेअर्स', म्हणजे तळघरातली नोकर मंडळी. काहीही चालेल.

इराने पत्र ऐकलं, सॉक्स ओढत जरा विचार केला आणि म्हणाली, "आई, आम्ही वरचे की खालचे?"

प्रश्न तसाही सोपा नाहीच. मी राज्यशास्त्रात एम.ए. केलंय, वर्ग या विषयावर पेपरात वीस मार्कांचं उत्तर लिहिलंय, आणि मी तिला म्हटलं, आधी सॉक्स घाल. पण झोप उडाली ती त्यामुळे नव्हे. ती 'आम्ही' का म्हणाली? 'आपण' का नाही? इंग्रजीत एक 'वुई' टाकला की सगळ्यांचं भागतं. आपल्याकडे 'आपण' म्हटलं तर ऐकणारा आत असतो, 'आम्ही' म्हटलं की दाराबाहेर. म्हणजे ही सहाव्या वर्षीच मला बाहेर ठेवून कुठे निघाली?

माझा नवरा अभय म्हणाला, "अगं, ग्रामरची चूक आहे. ती 'माझी बूट हरवला' असंही म्हणते."

खरंय. पण बूट काही मला आई म्हणत नाही!

*

हे वरचे-खालचे प्रकरण इराच्या डोक्यात भरवलं आमच्या रविवारच्या मंडळाने. मंडळ म्हणजे आम्ही तिघी. लंडनजवळच्या स्लाऊमधलं सुषमाकाकूंचं घर, दुपारचे पोहे, चहा आणि टीव्हीवर कुठलातरी ब्रिटिश ड्रामा. काकू पन्नास वर्षांपूर्वी साताऱ्याहून लग्न होऊन इथे आल्या आणि ट्रेडिंग इस्टेटवरच्या, म्हणजे इथल्या एमआयडीसीतल्या, एका फॅक्टरीत पॅकिंगच्या लाइनवर उभ्या राहिल्या, त्या थेट रिटायर होईपर्यंत. गौरी पुण्याची, लंडनला एका बँकेच्या आयटीत. मी नागपूरची. इरा गालिच्यावर पालथी पडून रंगवत असते. ती काही ऐकत नाही असं आम्हाला वाटतं.

किस्से आपण होऊन जमत जातात. काकूंच्या सोफ्याच्या फटीत हात घातला की क्रेयॉन, केसांची पिन आणि अर्धं बिस्किट सापडतं, तसे दर रविवारी एक-दोन सापडतात. झटकून टाकावेसे वाटत नाहीत, इतकंच.

*

रिमोटवरून भांडण ठरलेलं. गौरीला हवेलीवाल्या सिरियल आवडतात: चांदीचे चमचे, घोडे, आणि जेवायला बसण्यासाठी कपडे बदलणारी माणसं. काकूंना कौन्सिल इस्टेटवरच्या, म्हणजे सरकारी चाळींतल्या: गळणारा नळ, गेलेली नोकरी, बंद पडलेली खाण. तडजोड म्हणून आम्ही एक रविवार हवेली, एक रविवार बेकारी असं ठरवलंय.

पण काकू आपल्या आवडीच्या सिरियललाही सोडत नाहीत. एकदा नायक बिचारा नोकरी गेली म्हणून खिडकीबाहेरचा पाऊस बघत बसला होता. चांगली दोन मिनिटं. मागे व्हायोलिन.

मी म्हटलं, "बघा काकू, निदान हे लोक कामगारांच्या बाजूने लिहितात. लेखक डाव्या विचारांचा असणार."

"डाव्या असो नाहीतर उजव्या," काकू म्हणाल्या, "तो लाइनवर कधी उभा नव्हता. लाइनवरचा माणूस एवढा वेळ खिडकीतून बघत नाही गं. आणि हे कुणी हसत कसं नाही? आम्ही इतक्या हसायचो की सुपरवायझर म्हणायचा, तुम्हाला पगार पॅकिंगचा मिळतो!"

मग म्हणाल्या, "त्यातल्या चौघी गेल्या आता. त्यांचं हसणं कुठल्याच सिरियलमध्ये नाही."

गौरीने त्या दिवशी रिमोट स्वतःहून काकूंच्या हातात दिला.

*

गौरीवर हवेलीचा परिणाम झालाच. तिथल्या उमरावीणबाई स्वतःला 'मी' म्हणत नाहीत, 'वन' म्हणतात. वन डज नॉट शाउट, वन डज नॉट रन. गौरीला ते फार भारी वाटलं.

एकदा तिला आठवडाभर ताप. जीपीच्या, म्हणजे डॉक्टरच्या रिसेप्शनला फोन केला आणि अगदी त्या बाईच्या सुरात म्हणाली, "वन हॅज बीन फीलिंग रादर अनवेल."

पलीकडून खणखणीत स्लाऊ आवाज आला, "विच वन, लव? माझ्या स्क्रीनवर तुम्ही एकट्याच दिसताय!"

*

माझ्यावर हसायचा मंडळाला पुरेपूर हक्क आहे. इरा शाळेत जायला लागल्यावर मला तिथेच दुपारचं काम मिळालं: जेवणाच्या सुट्टीत मुलांकडे बघायचं, डबे उघडून द्यायचे, टेबलं पुसायची. निळा बिनबाह्यांचा एप्रन घालते. इथे सगळे आम्हाला 'डिनर लेडी' म्हणतात, कारण इथल्या कष्टकरी घरांत दुपारच्या जेवणाला डिनर म्हणत आले आहेत.

नागपूरला आईला फोनवर मी नुसतं "शाळेत लागले" एवढंच सांगितलं होतं. आईने आख्ख्या कॉलनीत 'टीचर' म्हणून पेढे वाटले. मग एकदा इराने व्हिडिओ कॉलवर बॉम्ब टाकला, "आजी, आई डिनर लेडी आहे!"

आई गंभीर झाली. "अगं, रात्री उशिरापर्यंत शाळा असते का तिथं? अन् तू जेवतेस केव्हा?"

मी म्हटलं, "जेवते गं आई, वेळेवर." तो गैरसमज मी अजून दुरुस्त केलेला नाही.

*

काकू रिटायर झाल्यावर एक्स्ट्रा म्हणून काम करायला लागल्या. टीव्हीच्या शूटिंगला मागे चालायला, बसायला, उभं राहायला माणसं लागतात, त्यातल्या. जुन्या काळातल्या एका संपाच्या सिरियलसाठी त्यांना बोलावलं. काकूंनी स्वतः सहा आठवडे संप केलेला! त्या इतक्या खूश की आदल्या रविवारी पोह्यात मीठ घालायला विसरल्या.

तिथे कपडेवाल्या मुलीने झगझगीत गुलाबी साडी काढून दिली. काकू म्हणाल्या, "बाळा, आम्ही ओव्हरऑल घालायचो. करडा. नायलॉनचा." ती मुलगी अगदी प्रेमाने म्हणाली, "आय नो, बट इट वोंट रीड." म्हणजे प्रेक्षकाला कळणार नाही की या बाया कोण.

"मग प्रेक्षकाला वाचायला शिकवा की!" काकू म्हणाल्या, पण साडी नेसल्या.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. मुख्य नटांसाठी एक तंबू, गरम जेवण, खुर्च्या. एक्स्ट्रांसाठी दुसरी लाइन, पावसात. काकूंनी विचारलं, "हे वेगळं का?" कुणीतरी म्हणालं, असंच असतं.

जेवणानंतर शॉट. दिग्दर्शक तरुण, भला. म्हणाला, "लेडीज, मला राग हवा. मॅनेजमेंटवरचा खरा राग."

काकूंनी पाटी उचलली, तंबूकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "आता आलाय. घ्या शॉट!"

*

पुढचा किस्सा मला सांगायला आवडत नाही, म्हणून पटकन सांगते.

हवेलीचा रविवार होता. सिरियलमधल्या मोलकरणीला मालकिणीच्या कपातून चहा प्यायली म्हणून काढून टाकतात. मला रडू आलं. हुंदकेच. मी म्हटलं, "बघा ना काकू, किती क्रूर होते हे लोक! आपल्यासारख्यांना कसं वागवलं असेल!"

काकू पोहे खात होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "नागपूरला तुमच्याकडे भांडी कोण घासायचं गं?"

"कमलबाई."

"आणि तिचा कप?"

कमलबाईचा कप खिडकीच्या कठड्यावर असायचा. दांडा तुटलेला, हिरव्या फुलांचा. तो वेगळा का, हे मी कधी विचारलं नाही. फुलं मात्र आजही काढून दाखवू शकेन.

त्याच आठवड्यात आईच्या व्हिडिओ कॉलमध्ये मागून कमलबाई डोकावली. मला काहीतरी बोलायचं होतं, पण सुरुवात कशी करावी कळेना. तिनेच विचारलं, "ताई, तिकडं भांडे कोण घासते?"

"मीच घासते, कमलबाई."

ती हसायला लागली. इतकी हसली की पदर तोंडाला लावून खाली बसली, स्क्रीनवरून गायबच झाली. मग परत वर आली आणि एकदम मायेने म्हणाली, "गरम पानी तरी येते ना नळाले?"

*

काकूंचं सर्वांत गाजलेलं काम तीन सेकंदांचं. यादीत त्यांच्या भूमिकेचं नाव होतं 'बसस्टॉपवरची बाई'. नायिका रडत रस्त्यावरून जाते, मागे काकू तपकिरी कोट घालून, बाजाराची पिशवी धरून उभ्या. इतकंच.

काकूंनी दिग्दर्शकाला विचारलं होतं, "ही बाई चाललीय कुठे?"

तो म्हणाला, "कुठेच नाही, शी इज जस्ट वेटिंग."

"असं कसं? कुठेतरी जायचं असल्याशिवाय बाई थंडीत उभी राहील का?"

ज्या दिवशी तो भाग लागला, त्या दिवशी आम्ही तिघी आणि इरा टीव्हीला नाक लावून बसलो. तीन सेकंद आले आणि गेले. इराने किंचाळून मागे घ्यायला लावलं. आम्ही ते नऊ वेळा बघितलं. शेवटी गौरीने विचारलं, "काकू, मग तुम्ही ठरवलंत का कुठे जायचं ते?"

"साताऱ्याला," काकू म्हणाल्या. "आई गेली तेव्हा मला रजा दिली नाही. तेव्हापासून कुठलाही बसस्टॉप दिसला की मी मनात साताऱ्याची पाटी लावते. इथे तर कॅमेरा होता, म्हटलं नीटच लावावी."

गौरीने ते मागे घेतलं, आणि आम्ही दहाव्यांदा बघितलं.

त्या दिवसापासून काकू आणि इराचा एक खेळ सुरू झाला. हॉलमध्ये पिशवी धरून दोघी शेजारी उभ्या राहतात. काकू विचारतात, "कुठली बस?" इरा म्हणते, "साताऱ्याची." इराने सातारा बघितलेला नाही. तिला वाटतं, तो ट्रेडिंग इस्टेटच्या पलीकडे आहे.

*

तर व्हिक्टोरियन डे.

मी काही ठरवू शकले नाही, म्हणून दोन्ही शिवलं. एक मोलकरणीची पांढरी टोपी, एक उमरावीणबाईंची, रिबिनीची. रात्री दोन्ही पलंगावर मांडल्या आणि मनातल्या मनात भाषणाची तयारी केली: बघ इरा, वरचे-खालचे असं काही नसतं. पुढे वाक्य सुचेना. कारण असतं की! नागपूरला होतं, इथेही आहे, आणि मी स्वतः दोन्ही मजल्यांवर राहून आलेय.

सकाळी इरा खाली आली ती काकूंचा तपकिरी कोट घालून. तो तिच्या घोट्यापर्यंत येत होता. हातात काकूंची बाजाराची पिशवी, रविवारीच मागून आणलेली. दोन्ही टोप्या तिने घडी करून पिशवीत घातल्या होत्या.

"इरा, असं नाही चालणार. पत्रात लिहिलंय ना, दोन्हींपैकी एक."

तिने ऐकलं नाही. उशीर झालेला. आम्ही तशाच निघालो. वाटेत लेसच्या झग्यातल्या आणि पांढऱ्या एप्रनमधल्या मुली दिसत होत्या. माझ्या पिशवीत माझा निळा एप्रन होता, दुपारसाठी.

गेटवर तिच्या मिस उभ्या होत्या, मोठी हॅट घालून. हसून म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, इरा! अँड हू आर वुई टुडे? अपस्टेअर्स ऑर डाउनस्टेअर्स?"

"नीदर," इरा म्हणाली. "आय ॲम वेटिंग फॉर द बस."

मिसनी माझ्याकडे बघितलं. आजूबाजूच्या दोन-तीन आयांनीही बघितलं. मी उगाच "सॉरी, सॉरी" म्हणत हसले आणि हळूच मागे सरकायला लागले.

इराने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, मोकळा हात माझ्याकडे केला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने मराठीत म्हणाली,

"आई, तू कुठे चालली? इकडे उभी राहा ना. आपण वाट बघतोय."