ओढून सोडलेल्या फाइली

बॅनरच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. गिऱ्हाईक आणून देतं, कॉम्प्युटर वाढवून देतो आणि वीज गेली की आम्ही बसून एकमेकांना सांगतो. तलासरीला हायवेजवळ आमचं दुकान होतं. मालक किशोरभाई, डिझाइनला मी आणि काउंटरला सुनंदाताई.

२०१६च्या लग्नसराईत किशोरभाईंनी सुनंदाताईंना दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसवलं. दिवसभर काउंटरला उभं राहून त्यांच्या टाचा भरून यायच्या, त्यामुळे ती खुर्ची त्यांना मनापासून हवी होती. किशोरभाईंची अट एकच होती, सराई संपेपर्यंत हात बसला पाहिजे. नाहीतर परत काउंटर.

किशोरभाईंना मेनूचा तिटकारा. फाइल उघडायची तर ओढून विंडोत टाका, द्यायची तर ओढून पेनड्राइव्हवर टाका. "ओपन, सेव्ह करत बसायला आपण काय बँक आहोत?" असं ते म्हणायचे. ओढण्यात सुनंदाताई पक्क्या होत्या. सोडायच्या मात्र अध्येमध्ये कुठेही.

*

एकदा चिखल्याच्या एका लग्नाचं फोल्डर ओढताना हातातून निसटलं आणि शेजारच्या फोल्डरमध्ये पडलं. तिथे अच्छाडच्या एका ढाब्याचं मेनूकार्ड होतं. नवऱ्या मुलाचे मामा समोरच बसलेले. सुनंदाताई त्यांना शांतपणे म्हणाल्या, "तुमचं लग्न ढाब्यात गेलंय, काढते बाहेर."

मामा गोंधळले. जेवण तर घरीच ठरलंय, म्हणाले, आणि खात्री करायला त्यांनी मुलाच्या वडिलांना फोन लावला.

*

डहाणूहून एक गुरुजी शाळेच्या गॅदरिंगचं बॅनर करायला बसने आले. पेनड्राइव्ह लावला तर त्यात नुसता शॉर्टकट! खरी फाइल घरीच राहिली, असं मी त्यांना समजावलं. त्यांना ते पटेना. मी स्वतः ओढून आणलीय, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते चादरीत बांधून अख्खा सीपीयू घेऊन आले. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता यात नाही म्हणू नका."

*

आमच्या प्रोग्रॅमची एक खोड होती. फोटो रिकाम्या जागी सोडला तर वेगळा उघडायचा, उघड्या डिझाइनवर सोडला तर तिथेच चिकटायचा. खुद्द किशोरभाईंनी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर डेअरीवाल्याची म्हैस सोडली. हार बरोबर तिच्या गळ्यात!

किशोरभाईंनी माउस झटकला आणि कॉम्प्युटर स्लो झालाय म्हणून जाहीर केलं. सुनंदाताई हसल्या नाहीत. त्यांना अजून सराई काढायची होती.

*

सराईच्या शेवटी पाड्यावरचं एक जोडपं मुलाच्या लग्नाचं बॅनर न्यायला आलं. अशा बॅनरवर मधे नवरानवरीसाठी दोन मोठ्या चौकटी असतात आणि कोपऱ्यात आईबापासाठी लहान. फोटो ओढून चौकटीत सोडायचे, एवढंच काम. ते सुनंदाताईंनी केलं होतं.

किशोरभाईंनी बॅनर जमिनीवर उलगडलं. मोठ्या चौकटींत आईबाप होते. नवरानवरी कोपऱ्यात, टिकलीएवढे.

सुनंदाताई आपणहून खुर्चीवरून उठल्या आणि काउंटरमागे जाऊन उभ्या राहिल्या. मला वाईट वाटलं. किशोरभाईंनी हात जोडले, दुपारपर्यंत नवीन छापून देतो म्हणाले. बापाने मान हलवली.

आई मात्र बॅनरजवळ उकिडवी बसली. स्वतःच्या फोटोवरून तिने हात फिरवला. फोटोभोवती फुलांच्या माळा होत्या, वर मुंडावळ्या.

"आमचा लगीन अजून बाकी हाय," ती म्हणाली.

आमच्याकडच्या आदिवासी पाड्यांवर हे नवं नाही. संसार आधी मांडतात, लग्नाचे विधी जमेल तेव्हा. कुणाकुणाचं जमता जमता पोरं लग्नाला येतात. बाप रस्त्यावरच्या ट्रककडे बघत राहिला.

"त्याच मांडवात आपला पन करून टाकू," आई त्याला म्हणाली.

बाप बॅनरजवळ आला. मग पोराचा फोटो थोडा मोठा होईल का, असं त्याने किशोरभाईंना हळूच विचारलं. होईल, किशोरभाई म्हणाले.

आईने फोटोखालच्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि इथे काय लिहिलंय म्हणून विचारलं. सुनंदाताईंनी काउंटरवरूनच वाचून दाखवलं. मुलाचं नाव, सुनेचं नाव.

आई उठली, रिकामी खुर्ची तिने कॉम्प्युटरसमोर सरकवली आणि सुनंदाताईंना म्हणाली,

"बस गं बाय. वर आमची नावा टाक."