तिसरी शिट्टी

गिरणी बंद पडली आणि आमचे हे घरी बसले, तेव्हा पहिल्या आठवड्यातच मला कळून चुकलं की आता दोघांपैकी एकाला वेड लागणार. तीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस. घरात सांभाळायला उरला काय, तर माझा कुकर. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसायचे आणि म्हणायचे, "अगं, आच कमी कर. रिंगमधून वाफ जातेय." कुकर माझा, डाळ माझी, आणि वाफेचे मालक हे. त्यात बॉयलरच्या आवाजाने कान गेलेले. दळण आणा म्हटलं की ऐकू यायचं नाही. डॉक्टर काहीही म्हणोत, यांना ऐकायचंच नसतं असं माझं ठाम मत होतं.

सुटका केली ती खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी. त्यांचा गोखिवऱ्याला गाळा होता, स्टीलच्या डब्यांची झाकणं करायचे. त्यांची मुलगी चित्रकलेच्या कॉलेजात. तिने कुठल्याशा परदेशी मासिकात डिस्क गोल्फ पाहिला. तबकडी लांबून फेकायची आणि साखळ्या लावलेल्या टोपलीत पाडायची, एवढाच खेळ. बिघडलेली झाकणं गाळ्यात ढिगाने पडलेली, आणि इमारतीमागे मोकळा प्लॉट, पूर्वीचं भातशेत. पण नुसतं खेळेल ती कसली. तिच्या डोक्यात एक आख्खं राज्य होतं, ढगांत तरंगणारं, वाफेवर चालणारं, जिथे आगबोटी उडतात आणि राजालासुद्धा इंजिनात कोळसा टाकावा लागतो. प्रत्येक संघ म्हणजे एका उडत्या आगबोटीचे खलाशी.

मग काय विचारता. बँकेतले, पोस्टातले, पोटं सुटलेले गृहस्थ रविवारी सकाळी वेल्डिंगचे गॉगल लावून, टोप्यांवर मोडक्या घड्याळांची चाकं चिकटवून प्लॉटवर उतरायला लागले. माळ्यावरचा माझा तांब्याचा बंब खाली गेला, राज्याचं इंजिन म्हणून. आणि आमचे हे झाले महाबाष्पाधिपती, म्हणजे पंच. मुकुट म्हणून डोक्यावर माझं रॉकेलचं नरसाळं. दुपारी जेवायला बसले तरी केसांना वास यायचा.

टोपल्या यांनीच बनवल्या. वर सायकलची रिम, तिला साखळ्या, खाली पेटत्या स्टोव्हवर कुकर. तबकडी आत पडली की एक दांडा दबायचा, कुकरची शिट्टी उचलली जायची आणि वाफ सुटायची. शिट्टी झाली तरच टोपली धरायची. हे टोपलीकडे पाठ करून बंबाशेजारी बसायचे, कारण म्हणे डोळे फसतात, कान फसत नाहीत. बहिऱ्या माणसाने हे म्हणावं! तीन टोपल्यांना तीन कुकर लागले, त्यात माझा मोठा गेला. मी आले लग्नात आईने दिलेल्या छोट्या कुकरवर. त्याची शिट्टी फार जुनी झाली होती, वाजण्याआधी एक ठसका द्यायची.

आता आमच्याकडे डाळ काही घड्याळावर शिजत नाही, शिट्ट्यांवर शिजते. भाजी चिरता चिरता, फोनवर बोलता बोलता बाई मनात मोजते आणि तिसरीला गॅस बंद करते. दर रविवारी प्लॉटवरच्या शिट्ट्या या मोजणीत मिसळायला लागल्या आणि दोन्ही विंगांत कच्चं वरण वाढलं जाऊ लागलं. बी विंगमधल्या काकूंकडे जावई जेवायला आले, आणि त्यांच्या दाताखाली डाळ कचकन वाजली. काकूंनी सोसायटीची सभाच बोलावली. भर सभेत म्हणाल्या, "ज्याला बायकोची हाक ऐकू येत नाही तो शिट्ट्या काय ओळखणार?"

मी मान खाली घातली. कारण हे वाक्य माझंच होतं. जिन्यात मीच त्यांना ऐकवलं होतं.

शेवटी ठरलं की अंतिम सामना होऊ द्यायचा. तो संपेपर्यंत कोणी घरात कुकर लावायचा नाही. पण पंचांचा एक जरी निकाल चुकला तर सगळा खेळ बंद. हे घरी आले आणि चिंच घेऊन बंब घासत बसले. मला वाटलं होतं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

अंतिम सामन्याच्या सकाळी निघताना म्हणाले, "आज कुकर लावायचा नाही. लक्षात ठेव." गिरणीतल्या हाताखालच्या माणसाला सांगावं तसं. माझं डोकंच फिरलं. माझ्या स्वयंपाकघरात मला हुकूम? ते खाली गेले आणि मी डाळ लावली.

पहिली शिट्टी खालच्या टाळ्यांत गेली. दुसरीच्या वेळी कोणीतरी पत्र्याचा डबा बडवत होतं. मी गॅलरीत उभी. शेवटची फेक, गाळेवाल्या शेजाऱ्यांची. टोपली झाली तर त्यांचा संघ जिंकणार, नाही तर समोरचा. बंबाजवळ काकू हाताची घडी घालून उभ्या, नजर यांच्यावर. आणि तेव्हा मला डाळ आठवली. अगं बाई, तिसरी.

धावत आत गेले. हात गॅसच्या बटणावर पडला आणि त्याच क्षणी ठसका लागून शिट्टी वाजली. खाली जल्लोष झाला. मी गॅस तसाच सोडून परत गॅलरीत. शेजारी गॉगल कपाळावर चढवून नाचत होते. हे जागचे हलले नव्हते. पाठ टोपलीकडेच. एक बोट वर करून त्यांनी ते हलवलं.

"टोपली नाही."

"अहो, सगळ्या बिल्डिंगने ऐकली," शेजारी म्हणाले.

"ऐकली ना. ती आमच्या घरची. तिला आधी ठसका लागतो."

काकू स्वतः टोपलीपाशी गेल्या. तबकडी वीतभर अलीकडे गवतात पडलेली. त्यांनी ती उचलली आणि मुकाट्याने सगळ्यांना दाखवली. समोरच्या संघाला बक्षीस म्हणून सुकेळ्यांचं, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचं पुडकं मिळालं आणि खेळ पुढे तीन वर्षं चालला, ते सगळं नंतर. त्या वेळी मी फक्त वाट बघत होते, हे आता चारचौघांत मला काय बोलतात याची. यांनी नरसाळं सावरत वर पाहिलं.

"अगं, तिसरी झाली. गॅस बंद कर."

मी आत जाऊन गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून रडले. एवढ्या गोंधळात हा माणूस माझ्या डाळीच्या शिट्ट्या मोजत होता. डोळे पुसले, कुकर खाली उतरवला, आणि मग माझ्या लक्षात आलं, म्हणजे दळणाचंही यांना इतकी वर्षं चांगलं ऐकू येत होतं.