लाल ठिपक्याचा डबा

माझी मोठी बहीण श्रावणात गेली. तिच्या वस्तू मी अजून आवरलेल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा पालथा ठेवलेला असतो. त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. तो ठिपका ताईने कधी पुसू दिला नाही.

ताई गोखिवऱ्याला एका गाळ्यात डबे घासायची. मशीनवरून पॉलिश होऊन आलेला डबा बायका पावडरीने पुसत, झाकण बसवून बघत, कडीला पक्कड लावून बाक देत. मजुरी नगावर. ओरखडा दिसला किंवा झाकण सैल वाटलं, की सुपरवायझर बुडाला लाल ठिपका लावायचा. ठिपका म्हणजे रिजेक्ट. त्या डब्याची मजुरी शून्य. रिजेक्टचा ढीग शनिवारी टेम्पोत भरला जाई. सगळं भंगारात जातं, वितळवतात, असं शेठ सांगायचे आणि बायकांना ते पटत असे.

कॉलेजच्या ग्रंथालयात मला नोकरी लागली तेव्हा ताईने विरारच्या बाजारातून माझ्यासाठी डबा आणला. नवा, बुडाला कंपनीचं स्टिकर असलेला. तो कोमट पाण्यात बुडवून ती नखाने स्टिकर काढत होती. एकदम थांबली आणि खो खो हसत सुटली.

"काय झालं गं?"

"अगं, हा आमचा नापास पोरगा! बाजारात पास होऊन बसलाय. आणि मी मूर्ख, पैसे देऊन घरी घेऊन आले!"

स्टिकरखाली लाल ठिपका होता.

हसणं ओसरल्यावर ती बराच वेळ डबा फिरवून बघत राहिली. मी लेबर ऑफिसला अर्ज लिहायला बसले. आमचे आईवडील नव्हते. माझं शिक्षण, खोलीचं भाडं, सगळं ताईच्या त्या नगावरच्या मजुरीतून चाललं होतं, आणि माझा पहिला पगार अजून हातात यायचा होता. तिचं काम गेलं तर काय, या विचाराने माझं पेन अडखळत होतं.

"लिही तू," ती म्हणाली. "पण आधी मी त्यांना तोंडावर विचारते."

शनिवारी डबा पिशवीत घालून मी तिच्यासोबत गेले. पगार वाटायला शेठ टेबलाशी बसले होते. ताईने डबा त्यांच्यासमोर पालथा ठेवला.

शेठनी ठिपका पाहिला. डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "बाई, पत्रा माझा, लाइट बिल माझं, गाळ्याचं भाडं माझं. सेकंडचा माल पडत्या भावाने जातो. त्यात मला काय उरतं?"

"थोडं तरी उरतं ना? आम्हाला काहीच नाही. डबा नापास झाला म्हणून माझे हात कमी चालले का?"

"असा धंदा होत नाही."

"बरं." ताई मशीनजवळच्या अवजारांतून हातोडी घेऊन आली. "जो खराब आहे तो आमच्यासमोर ठोका. एकच घाव. मग त्याची मजुरी मागणार नाही. जो ठोकणार नाही तो विकणार, त्याची मजुरी पूर्ण द्यायची."

मशीन बंद झाली. बायका हातातले फडके तसेच धरून जवळ आल्या. शेठनी रिजेक्टच्या ढिगातून एक डबा उचलला. चकचकीत होता. ओरखडा शोधायला त्यांना तो उजेडात धरावा लागला. त्यांनी हातोडी उचलली.

ती वरच राहिली.

कामणहून येणारी एक मावशी मागून म्हणाली, "कोनाची वाट बगता शेट? भंगारच हाय ना?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी, मग गाळाभर हसू पसरलं. शेठनी डबा पुन्हा फिरवून पाहिला, त्यावर अंगठा फिरवला, आणि हातोडी टेबलावर ठेवली.

"ही बाई मला रस्त्यावर आणणार," ते म्हणाले. पण ते म्हणताना त्यांनाही हसू आवरलं नाही.

"तुम्ही रस्त्यावर आलात तर डबा मी देईन," ताई म्हणाली.

त्या दिवशी ढिगातल्या सगळ्या डब्यांची मजुरी मिळाली. पुढच्या शनिवारीही मिळाली. हातोडी दाराजवळ खिळ्याला टांगली गेली. रिजेक्टचा टोपला दर आठवड्याला तिच्याखाली ठेवायचे आणि शेठना विचारायचे, ठोकता का? ते नकारार्थी मान हलवायचे. हळूहळू सुपरवायझरला ओरखडे दिसेनासे झाले, आणि नेलपॉलिश बाटलीतच वाळून गेलं. माझा अर्ज अर्धाच राहिला. त्या कागदाचा मागचा भाग मी ताईच्या भाजीच्या यादीसाठी वापरला.

यंदा आमच्या घरात सण नव्हता. दसऱ्याच्या सकाळी मी पुस्तक उघडून बसले होते. पान उलटत नव्हतं. तेवढ्यात कामणच्या मावशीचा फोन आला. "गाल्यावर ये. मशीनची पूजा हाय. ताईचं काम तुला करायचंय."

ओट्यावरचा डबा पिशवीत घालून मी निघाले. गाळ्यात मशीनना झेंडूच्या माळा होत्या. सगळ्यात मोठी माळ हातोडीला होती. मधल्या वर्षांत आलेल्या मुली तिला हळदकुंकू लावत होत्या. दर दसऱ्याला त्याच हातोडीने ताई नारळ फोडायची, हे मला ऐकून माहीत होतं. शेठनी हातोडी खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिली. ते आता म्हातारे झाले आहेत.

मी घाव घातला. नारळाला काही झालं नाही.

"पुस्तकावर हात ठेवल्यासारका नको," मावशी ओरडली. "जोरानं हान!"

मी हातोडी डोक्याच्या वर नेली आणि हाणली. नारळाची दोन भकलं होऊन उडाली, पाणी शेठच्या नव्या शर्टावर गेलं आणि बायकांनी असा गलबला केला की शेजारच्या गाळ्यातले लोक बाहेर आले. त्या हातोडीने आजवर नारळाशिवाय काहीही फुटलेलं नाही.

खोबऱ्याचे तुकडे मी त्या लाल ठिपक्याच्या डब्यातून घरी आणले.