टोस्टच्या गळ्यात घंटा

परवा सकाळी आमच्या वावराच्या नाल्यावर माझा एक बोकड फतकल मारून बसला... आणि मागे मामाजी उभे! मामाजी म्हणजे माझे सासरे. या बोकडाला ठेवायचं की देवीच्या कार्यात कापायचं, ते त्याच सकाळी ठरणार होतं.

आधीपासून सांगते. आमचा बंजाऱ्यांचा तांडा मारेगावच्या पुढे. वावर टेकडीवर, मध्ये नाला... मोटरसायकल जात नाही, बैलबंडी जात नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत पाणी आणि डबे सगळे आम्हा बायांच्या डोक्यावर.

मग मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. कुठल्यातरी डोंगरात बोकड पाठीवर सामान घेऊन माणसांसोबत खुशाल चालले होते. म्हटलं, आपले बापजादे बैलांवर गोण्या लादून मुलूखभर फिरले, आपल्याला दोन बोकड जमू नयेत?

गेल्या वर्षी शेळीला तीन पिल्लं झाली आणि दूध काही पुरेना. त्यातले दोन बोकड मी बाटलीवर वाढवले. थोरला गंभीर, मिशा नसलेला पोलीसच जणू, म्हणून तो हवालदार. धाकट्याचं नाव टोस्ट कसं पडलं ते पुढे येतंच.

दोघं माझ्या खाटेखाली झोपायचे, मी विहिरीवर गेले की मागे. मी रोज त्यांचे पाय हातात घ्यायची, कान चोळायची, पाठीवर रिकामी पिशवी टाकून अंगणात फिरवायची. मामाजी लांबून बघायचे आणि म्हणायचे, "पोरं हायेत का हे तुहे? कायले एवढा जीव लावून राह्यली?"

ते स्वतः मात्र कधी हात लावायचे नाहीत. कापायच्या जनावराच्या अंगावरून हात फिरवायचा नाही, हा त्यांचा नियम.

माझी एक चूक झालीच. दोघं फक्त मला ओळखू लागले! घरी पाहुणा आला की खाटेखाली, छत्री उघडली की खाटेखाली, कुकरची शिट्टी झाली की थेट माझ्या साडीत...

म्हणून त्यांना घेऊन मारेगावच्या रस्त्यावर रफिकभाईंच्या गॅरेजला जाऊ लागले. तिथे काय नाही? हातोड्याची ठाणठाण, हवा भरायचं मशीन, एसटीचा हॉर्न, गिऱ्हाइकांची गर्दी. पहिल्या दिवशी दोघं थरथर कापत होते. रफिकभाईंनी चहातला टोस्ट मोडून पुढे केला.

धाकटा त्यावर असा विरघळला की त्याचं नावच टोस्ट पडलं... महिन्याभरात तो प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खिशात तोंड घालायला लागला. रस्त्यानंही कायम तोच पुढे, हवालदार त्याच्या मागे. रफिकभाई म्हणाले, "भाभी, हा त आता माह्या दुकानाचा मालक झाला. मी नुसता पंक्चर काढून राह्यलो."

पण घोडं अडलं ते ओझ्यापाशी. जुन्या गोधडीची आणि युरियाच्या पोत्यांची मी छोटी खोगीरं शिवली. अजून लहान आहेत म्हणून ओझं नावालाच, दोन्ही बाजूंना एकेक पाण्याची बाटली. हवालदार तेवढं घेऊन ऐटीत चालतो. टोस्टच्या पाठीवर बाटली ठेवली की साहेब खाली बसलेच!

मामाजींनी शेवटी सांगून टाकलं, "परवा नाल्यापार ओझं नेलं त ठेव त्याले. नाही त कार्याले हाये तो." मी दोन दिवस नीट जेवले नाही, खोटं कशाला सांगू.

तर परवा नाला. टोस्ट ओझ्यासकट बसला तो बसलाच. खायचा टोस्ट दाखवला, ओढलं, विनवण्या केल्या... ढिम्म! आणि वाईटात वाईट म्हणजे माझा शहाणा हवालदारही पाणी बघून मागे सरला. माझे डोळे भरून आले.

मामाजी पुढे आले. मग म्हणाले, "पुढच्यावर ओझं कायले टाकलं बाई? माह्या आजाच्या तांड्यात पुढचा बैल रिकामाच चाले. त्याच्या गळ्यात घंटा राहे, अन् बाकीचे बैल घंटेमागं चालत."

ते घरी जाऊन परत आले. हातात खुंटीवरची जुनी पितळी घंटा होती, त्यांच्या आजोबांच्या बैलाची. आम्ही दिवाळीला तिला फक्त पुसतो.

मी खोगीर सोडलं. मामाजी वाकले आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी टोस्टला हात लावला... टोस्ट बुजला नाही. उलट मान वर करून उभा राहिला आणि घंटा बांधून होईस्तोवर त्यांचा खिसा हुंगत राहिला! घंटा ठणठणली तरी दचकला नाही. गॅरेजमधल्या हातोड्यापुढे घंटा ती काय?

मग तो सरळ पाण्यात उतरला. ठण... ठण... हवालदारानं क्षणभर पाहिलं आणि बाटल्यांसकट त्याच्या मागे. दोघं पलीकडे जाऊन माझ्याकडे वळून बघू लागले, मी का येत नाही म्हणून.

मी पदरात तोंड खुपसून हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना. भीत भीत विचारलं, "मामाजी, पण ओझं त हवालदारानंच नेलं... टोस्टचं काय?"

ते पलीकडे बघत म्हणाले, "पुढचं जनावर कापत नसतात पोरी. इकत बी नसतात."

अभिमान वाटतो मला, भरपूर वाटतो. माझ्या दोन्ही लेकरांचा, रफिकभाईंच्या टोस्टचा, आणि आमच्या मामाजींचा सगळ्यात जास्त. आज सकाळी ते गॅरेजला आमच्यासोबत आले होते... टोस्टची दोरी त्यांच्या हातात होती आणि खिशात टोस्टचा पुडा.