गायकवाडसाहेबांची इटालियन

गायकवाडसाहेब दर रविवारी एकाच भाजीसाठी मंडईत दोनदा जात. एक फेरी इंग्रज गाडीने, दुसरी इटालियन गाडीने. रस्ता तोच, टोमॅटो तेच. "तुलना करायची तर न्यायानं करावी," असं ते म्हणत. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन ते हडपसरला आमच्या शेजारी राहायला आले, ते या दोन गाड्या घेऊनच. दोन्ही माझ्याहून वयस्कर. इंग्रज इतकी लांब, की तोंड हडपसरात शिरलं तरी शेपूट मंडईत कोथिंबिरीचा भाव करत असे. इटालियनचा हॉर्न वाजला की मार्केट यार्डातले हमाल पोत्यांसकट बाजूला उड्या मारत.

"इंग्रज गाडी खड्डा स्वतः गिळते, इटालियन तो आपल्याला कळवते. मला कळवलेलं आवडतं." निकाल दर रविवारी हाच.

पुढे आयटी पार्क उभे राहिले, सोसायटीत नव्या गाड्यांचा पूर आला आणि ठराव झाला: एका घराला एकच पार्किंग. कोणती गाडी जाणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. गुडघ्यांमुळे गायकवाडकाकूंना मात्र बुटक्या इटालियनमधून उतरता येत नसे; त्यांना बाहेर ओढायला अर्धी सोसायटी लागे. इंग्रज गाडीत त्या सोफ्यावर बसावं तशा बसत. पण त्यांनी बजावलं, "माझ्या गुडघ्यांपायी इटालियन विकाल तर मी जन्मभर रिक्षानं फिरेन!"

साहेबांनी शेवटची परीक्षा जाहीर केली. जी कमी वेळात चालू होईल, ती राहील. बघायला गच्चीपर्यंत गर्दी. इंग्रज चालू झाली. मग साहेब इटालियनमध्ये बसले, शेजारी मी. मंडईच्या फेरीनं इंजिन तापलेलंच होतं. तरी त्यांनी, थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल पाजायचा तो चोक पूर्ण बाहेर ओढला आणि ॲक्सिलरेटर दाबत राहिले. पेट्रोलचा भपकारा आला. ती दोनदा खोकली आणि गप्प झाली.

"साहेब, चोक..."

"आपल्याला चष्मा आहे?"

"नाही."

"मग लावून घ्या."

आठवड्यानं एक संगणकवाला तरुण इटालियन न्यायला आला. ती पहिल्याच किल्लीला गुरगुरली आणि फाटकाबाहेर पडली.

"अहो, आज बरी चालू झाली?" काकूंनी विचारलं.

"परक्या माणसासमोर शहाण्यासारखी वागते," असं म्हणून साहेब इंग्रज गाडीचं दार उघडून उभे राहिले.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग पदर सावरून आत बसल्या.