बाबांचा अबोला

घाटंजीच्या स्टँडवर यवतमाळची बस लागली तेव्हा बाबांनी माझी बॅग आत ठेवली, खाली उतरले आणि खिडकीशी उभं राहून म्हणाले, "जयभीम." बस्स, एवढंच. पाहुणा निघाला की दारापर्यंत जाऊन म्हणतात तसं. आई मात्र शेजारी उभी राहून बोलतच होती. पानी उकळून पेजो, उपाशी राहू नको, पोचली की फोन करजो. बाबांनी उभा जन्म एसटी चालवली. आगारातल्या कल्लोळातही त्यांचा आवाज वेगळा ओळखू यायचा. त्या माणसाला माझ्यासाठी एवढाच एक शब्द सापडला, याचं मला पुण्यापर्यंत रडू येत होतं.

त्यांना राग येणं साहजिक होतं. मी कृषी सहायकाची सरकारी नोकरी सोडून निघाले होते, तिशी ओलांडल्यावर, दातांची डॉक्टर व्हायला. घरात बाबांनंतर पगाराला लागलेली मीच. मला ऑर्डर मिळाली तेव्हा त्यांनी सगळ्या स्टँडवर पेढे वाटले होते. राजीनामा दिला त्या दिवशी ते म्हणाले, "लागलेली नोकरी कोनी सोडते काय व?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला बसले नाहीत.

तुम्ही गावीच राहिलेल्यांनी मला पुष्कळदा विचारलंय की दातच काहून. गोरगरिबांची सेवा वगैरे म्हटलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण तसं काही नव्हतं. मला बारीक हातकाम आवडतं. शेतकी कॉलेजात संत्र्याचा डोळा भरायला शिकवला होता. रोपाच्या सालीला नाजूक काप द्यायचा, त्यात चांगल्या झाडाचा डोळा बसवायचा आणि पट्टी बांधायची. त्या कामात मी जेवण विसरायचे. नोकरीत मात्र वाट्याला आले पंचनामे आणि बैठका. मग एकदा यवतमाळात दाढ भरून घ्यायला खुर्चीत बसले आणि डॉक्टरबाईंचे हात बघत राहिले. डोळा भरणं काय आणि दाढ भरणं काय, मला दोन्ही एकच वाटलं. घरी येऊन बारावीची जीवशास्त्राची पुस्तकं काढली. आईला वाटलं, भाचीसाठी काढली असतील.

नीटला बसायला वयाची वरची अट उरलेली नाही हे फक्त मलाच माहीत असावं. परीक्षा केंद्राच्या फाटकावर मला सांगण्यात आलं की पालकांनी बाहेर थांबावं. प्रवेशाच्या वेळी कागद तपासणाऱ्या बाई माझ्या मागे बघत म्हणाल्या, कँडिडेट कुठंय? मीच, म्हटल्यावर त्यांनी शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र मागितलं. बोंडअळीचे सापळे लावत गावोगाव हिंडले ती सगळी वर्षं त्यांच्या लेखी खंडच होती. मला हसू आलं आणि जरा लागलंही.

पुण्यात मी एकटी पडले. कुणी वाईट वागलं नाही, तसं झालं असतं तर भांडता तरी आलं असतं. होस्टेलच्या मुली ताई म्हणायच्या, डोकं दुखलं की गोळी मागायला यायच्या आणि वाढदिवसाला मला वगळून बाहेर जायच्या. तुम्हाला कंटाळा आला असता ना ताई, असं दुसऱ्या दिवशी प्रेमानं सांगायच्या. शिकवणारे बरेचसे माझ्याच वयाचे, पण त्यांच्यात जाऊन बसायची सोय नव्हती. पहिल्याच आठवड्यात तोंडून 'मले' निघालं आणि वर्ग खळाळून हसला. तेव्हापासून मी दिवसभर जपून बोलायचे, आणि रविवारी आईला फोन लावला की मोकळी व्हायचे. बाबा काय म्हणतात विचारलं की आई म्हणायची, "काही नाही बोलत व."

दिवाळीत घरी गेले की बाबा आमच्याबरोबर पंगतीला बसायचे नाहीत. मागून, भिंतीकडे तोंड करून जेवायचे. मी काही विचारलं तर मान हलवायचे आणि उठून अंगणात जायचे. मीही हट्टी आहे, मीही बोलायचं सोडलं. अशी तीन वर्षं बाबांनी माझ्यासमोर तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला ओपीडीत पेशंट बघायला मिळू लागले. एकदा दिग्रसकडचा एक गवंडी आला, पुण्यात बांधकामावर होता. माझ्याबरोबरच्या मुलीनं विचारलं, तंबाखू खाता? नाही. गुटखा? नाही. तोंड मात्र नीट उघडत नव्हतं, आणि तिला काही उलगडा होईना. मी पुढे झाले. "भाऊ, खर्रा खाता काय?"

"खर्रा तं खातोच ना बाई. तंबाखू कोन खाते?"

सगळे हसले, मीही हसले. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात तो खर्रा. पण आमच्याकडे त्याला कुणी तंबाखूत धरत नाही. किती महिन्यांनी कुणीतरी माझ्याशी माझ्या बोलीत बोललं होतं, मला फार बरं वाटलं. मग सर आले. त्यांनी त्या भाऊंच्या तोंडात बोटं उभी घालून दाखवली. तीन जायला हवीत, इथे दीडच जातात. सर सांगत होते की आधी तिखट झोंबायला लागतं, मग गाल आतून आवळतात, शब्द अडकतात, आणि माणूस चारचौघांत जेवायचं आणि बोलायचं टाळतो. माझ्या हातात दात बघायचा आरसा होता. लांबच्या फेरीवर झोप येऊ नये म्हणून बाबांनी जन्मभर खर्रा खाल्ला होता.

मी जिन्यात जाऊन आईला फोन लावला. रविवार नसताना फोन आला म्हणून ती घाबरली. बाबा तिखट खातात का, असं विचारलं. ती म्हणाली, तिखट तर कधीचंच सोडलं, भाकरही वरणात कुस्करून खातात, वय झालं आता. मी म्हटलं, त्यांना तोंडात तीन बोटं उभी घालायला सांग. पलीकडे बराच वेळ कुजबुज चालली.

"दोन जाते. तिसरं नाही जात."

मग बाबा फोनवर आले. आवाज पदराआडून यावा तसा दबलेला. मी म्हटलं, "बाबा, मले काहून नाही सांगितलं?"

"तू तं तेच शिकून राह्यली ना," ते म्हणाले. "मले वाटलं, तुले दिसलं असन."

मी म्हटलं, पुण्याला या, इथे दाखवू.

बाबा पुण्याला येऊन गेले. तपासणीत वाईट काही निघालं नाही. खर्रा त्यांनी सोडलाय, असं आई म्हणते. तोंडाचा व्यायाम रोज करायचा आहे. पहिल्यासारखं तोंड उघडणार नाही, हे मी त्यांना सांगितलंय. त्या तीन वर्षांत राग किती होता आणि खर्रा किती, हे मात्र मी विचारलेलं नाही. नोकरीबद्दल तेही काही बोलले नाहीत.

माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांना गावच्या आठवणी येतात, चवी आठवतात. माझी संध्याकाळ मात्र अशी असते. आई व्हिडिओ कॉल लावून फोन धरते, बाबा दिव्याखाली बसून जमेल तेवढं तोंड उघडतात आणि मी इथून आत बघते. आम्ही बोलत नाही. माझ्यासाठी घर आता एवढंच आहे. ते रोज दिसतं, पण तिथे माझा हात पोचत नाही.